गुलाबीच राहिलेलं पाणी

ए निश्ये, वर्षे, फोन ठेवा की खाली! मी काय करून बसलोय तुमास्नी म्हाईतच न्हाय.

आमच्या लॅबमध्ये बाटल्यांत पेशी वाढवत्यात, छातीच्या गाठीच्या. त्यांचं पाणी असतंय गुलाबी. पेशी लय वाढल्या की ते पिवळं पडतंय. आता पेशीला बारीक दारं असत्यात, पोटॅशियम भाईर सोडणारी. एकीच्या दोन व्हायच्या आधी ती उघडावी लागत्यात. ह्या गाठीच्या पेशींना दारं लय, आणि सारखी उघडी. मी एका बाटलीत दारं बंद करायचं औषध घातलं. चौथ्या दिवशी बघतोय तर शेजारची बाटली पिवळीधमक, आणि माझी गुलाबीच! मी तर तरंगायलाच लागलो. फोटो काढला आणि दिला पाठवून चिमणाआत्तीला.

हितंच चुकलं. आत्तीचं जोतिबावर गुलालाचं दुकान. गेल्या महिन्यात तिच्या छातीत गाठ निघाली, मंगळवारी पहिला केमो. फोटो बघून तिचा फोन, "अनुजा, ह्यो तर देवाचाच रंग की गं! कौल मिळाला मला. आता दवाखाना न्हाय आणि काय न्हाय. त्यातलं वाईच घिऊन ये, तीर्थावानी पिऊया."

आणि मी? घेतलं की! भुईमुगाच्या शेंगेएवढी त्या औषधाची नळी, रुमालात गुंडाळून, पर्समध्ये. लॅबच्या मॅडमना न विचारता.

रविवारी एसटी डोंगर चढाय लागली, खिडकीतनं गार वारं, आणि माझा डोळा लागला. बघतोय तर मी पेशीच्या आत. सगळीकडं ऊबदार गुलाबी उजेड. चारी बाजूंनी आत्तीच्या दुकानागत दुकानं आणि त्यांची शटरं वरखाली, वरखाली. शटर वर गेलं की आतनं चमकणारी धूळ भुरूभुरू भाईर. लांब कुठंतरी ढोल, धम… धम… मी नळीतला एक थेंब सोडला. शटरं पडाय लागली, एकेक, आवाज न करता. किती ग्वाड वाटलं गं! मग ढोल चुकला. धम… लय येळानं धम… आणि मग न्हाईच. धूळ हवेतच थांबली.

दचकून उठलो तर हात छातीवर. आणि आठवलं, मॅडमनी शिकवलेलं, मीच वहीत लिहिलेलं. ठोका पडला की काळीज परत सैल पडतंय ते असल्याच दारांनी. ती बंद पडली तर ताल चुकतोय, माणूस जातंय.

आत्ती दुकानात फुलपात्र घासून वाट बघत बसलेली. "आणलंस?"

"आणलं. पण देत न्हाय."

"का गं? देवापरास शाणी झालीस?"

मी तिची बोटं धरली आणि तिच्याच मनगटावर ठेवली. "हे उडतंय ते लागतंय?"

"लागतंय की."

"तिकडं काळजातबी असलीच दारं हायत, आत्ती. माझ्या औषधाला गाठ कुठली आणि काळीज कुठलं ते कळत न्हाय. बाटलीत काळीज नव्हतं म्हणून जमलं."

आत्तीच्या बोटांची पेरं गुलालानं गुलाबी झालेली, तिथंच मनगटावर.

"म्हंजे एका चोरापायी सगळ्या गल्लीची शटरं पाडायची?"

"व्हय."

"मग फोटो कशाला पाठवलास, गाढवे?"

मला रडाय आलं. "आनंद झालता म्हणून."

"तुझ्या आनंदात आमची राख झाली असती की!" तिनं घासलेलं फुलपात्र पुढं वढून त्यात च्या ओतला. "घे, पी. मंगळवारी तू येत असशील तर जाऊया."

सोमवारी नळी मॅडमना परत दिली आणि सगळं सांगितलं. महिनाभर लॅबमध्ये पाय ठेवायचा न्हाय म्हणाल्या. बरोबरच हाय त्यांचं.

काल मंगळवार. नर्सनी सुई लावली तवा आत्तीचे डोळे गच्च मिटलेले. नळीतनं औषध थेंबथेंब उतराय लागलं.

"आत्ती, बघ तरी."

तिनं एक डोळा उघडला. लय येळ बघत राहिली.

"गुलाबी न्हाय हे. लाल हाय."

"व्हय."

"चालतंय की," म्हणाली, आणि दोन बोटं मनगटावर ठेवून ठोके मोजत मोजत झोपली.