चिरकणारा ड्रायर

नानासोंच्या कानांना मशीन बसलं आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या वॉशिंग मशीनबद्दल तक्रार केली.

नानासो फौजेत तोफखान्यात होते. तिथं कान अधू झाले आणि उंब्रजला परतल्यावर वर्षागणिक आणखी मंद होत गेले. शेवटी मुलगा विश्वजीत त्यांना मिरजेला घेऊन गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "सुरुवातीला सगळे आवाज अंगावर येतील. वैतागून काढून ठेवू नका, नाहीतर सवयच होणार नाही." विश्वजीत कुपवाडला कारखान्यात कामाला, तो आता शनिवारीच घरी येणार होता. नात समीक्षा शाळेत. दिवसभर घरात नानासो आणि सून पल्लवी.

बुधवारी पल्लवीनं समीक्षाचे गणवेश धुतले, मशीनलाच जोडलेल्या ड्रायरमध्ये टाकले आणि बटण फिरवलं. सोप्यात पेपर वाचत बसलेले नानासो उठून मागं आले.

"काय वराडतंय हे?"

"कुठं काय, मामा?" पल्लवीनं सवयीनं मोठ्यानं विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"ह्यो डबा. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यागत करतोय."

पल्लवीनं कान दिला. खरंच, ड्रायर चिरकत होता. कित्येक महिने चिरकत असणार. तिच्या ते ध्यानातच येत नव्हतं.

"ते व्हय. ते तसंच वाजतं."

"तसंच कसं वाजंल?" नानासोंनी कानांतली दोन्ही मशीनं काढली, डबीत घातली आणि डबी खिशात टाकली. "ही भानगडच नको."

संध्याकाळीही डबी खिशातच होती. गुरुवारी सकाळीही. जेवायला बोलवायचं तर पल्लवीला पुन्हा दारात उभं राहून ओरडावं लागलं. कराडच्या मेकॅनिकला तिनं फोन केला, तर तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. तोवर मामा कानांचं मशीन कपाटात टाकून मोकळे होतील, हे तिला दिसत होतं.

दुपारी तिनं नानासोंची हत्यारांची पिशवी शोधून काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

"मामा, आवाज कुठनं येतो मला कळंना. तुमी ऐकून सांगा."

नानासोंनी पिशवी जवळ ओढली. मग त्यांनी डबी उघडली.

आधी त्यांनी ड्रायर रिकामाच फिरवायला सांगितला. चिरकणं तसंच. "म्हंजे कपडे एका बाजूला झालेत म्हणून न्हाई." मग मशीनच्या चारी कोपऱ्यांवर हात दाबून बघितलं. एक पाय किंचित उचललेला होता. पल्लवीनं जाड पुठ्ठा घडी करून त्याखाली सारला. मशीन हलायचं थांबलं, चिरकणं थांबलं नाही.

"प्लग काढ," नानासो म्हणाले. "आता झाकण लावून मागनं बघू."

दोघांनी मशीन भिंतीपासून पुढं ओढलं. पाठीमागचे स्क्रू नानासोंनी सोडवले, पत्रा बाजूला ठेवला. खाली मोटर, मोटरच्या वर एक गोल चकती आणि चकतीला टेकणारा रबराचा छोटा गट्टू. नानासोंनी हात घालून चकती हळू फिरवली. किर्रर्र.

"इथनंच," दोघंही एकदमच म्हणाली.

पल्लवी वाकून बघत होती. तिनं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. झाकणाच्या बिजागरीपासून एक बारीक तार खाली त्या गट्टूपर्यंत आली होती.

"मामा, झाकण उघडलं की ह्यो ब्रेक लागतोय. लावलं की तार ओढून त्याला सोडवतीय. पण पुरता सुटंना."

"तार सैल पडलीया," नानासो म्हणाले. "गाडीचा ब्रेक धरून गाडी चालवल्यागत झालंय." ते गुडघ्यावर बसले. "तू वर झाकण धर. मी सांगितल्यावर सोड."

पल्लवी वर, नानासो खाली. तार जिथं स्क्रूनं आवळली होती तिथं त्यांनी ती पक्कडीनं थोडी ओढून घेतली. दोनदा तार निसटली. पल्लवी झाकण धरूनच खाली वाकली.

"लागलं का हाताला?" तिनं मग विचारलं. डोकं त्यांच्या जवळच असल्यामुळं असेल, नेहमीसारखं ओरडून नाही, साध्या आवाजात.

नानासो थांबले. वर बघत म्हणाले, "तुझा आवाज असा हाय व्हय?"

"म्हंजे?"

"लगीन होऊन आलीस तवापासनं मला वाटायचं, ही पोर माझ्याशी कायम रागातच बोलती. म्हणून मीबी फारसं इचारायचो न्हाई काय."

पल्लवी लग्न होऊन आली तेव्हाच त्यांचे कान मंद होते. पहिल्या दिवसापासून ती ओरडतच आली होती, आणि मामा अबोल आहेत असं माहेरी सगळ्यांना सांगत आली होती.

"राग नव्हता मामा," ती म्हणाली. "तुमाला ऐकू जावं म्हणून."

"ते आता कळतंय की." त्यांनी स्क्रू आवळला. "सोड झाकण. आता लाव परत."

चकती हातानं फिरवली. फिरली ती फिरतच राहिली, कुठंच घासली नाही. झाकण उघडल्याबरोबर जागच्या जागी थांबली. पत्रा बसवून त्यांनी मशीन भिंतीला सरकवलं. पल्लवीनं प्लग लावला आणि समीक्षाची चादर पिळायला टाकली. ड्रायर नुसता घुमत राहिला.

नानासो बाजूच्या स्टुलावर टेकले. कानांतलं मशीन त्यांनी काढलं नाही.

"तुझ्या माहेरी जतला पाऊस झाला का गं?" त्यांनी विचारलं.

"झाला थोडका. पण टँकर अजून सुरूच हायत."

"आन् तुझा भाऊ? त्यानं मेंढरं ठेवलीत का इकली?"

पल्लवी भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगू लागली. भावानं अर्धी मेंढरं ठेवली होती. आई गुडघ्यांमुळं आता रानात जात नव्हती, पण सकाळी मेंढरांच्या वाड्याशी उभी राहून एकेका मेंढराला नावानं हाक मारायची, त्यातली निम्मी नावं कानडी. नानासोंना ती नावं ऐकायची होती. तिनं सांगितली. एक त्यांना कळलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, आणि तिनं ते पुन्हा, हळूच सांगितलं.

ड्रायर केव्हाच थांबला होता. चादर बाहेर काढायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.