विटेचा शेक

कातडी जळल्याचा वास आधी नीलाला आला.

ती बहिणीला भेटायला आकुर्डीहून महाळुंग्याला आली होती आणि अजून जिन्यातच होती. उरलेल्या पायऱ्या ती पळत चढली. वरच्या खोलीत पूनम बाजेवर उशांना टेकून बसली होती. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी होती. पूनमच्या सासूबाई, अंबुबाई, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून तिच्या डाव्या बगलेखाली दाबत होत्या. पूनमचे डोळे मिटलेले होते. चेहरा अगदी निवांत.

"मावशी, वीट काढा! आधी काढा ती!"

"काय झालं गं? शेक घेतीया ती. बरं वाटतंय तिला."

नीलानं वीट हिसकावून घेतली. फडक्याबरोबर कातडीचा एक ओला पापुद्रा सुटून आला. पूनमनं डोळे उघडले, फडक्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं.

"मला काहीच लागलं नाही," ती म्हणाली.

"लागणार कसं? तिथं बधिर आहे तुला!"

पूनमचं ऑपरेशन पिंपरीत झालं होतं आणि आता दुसरा आठवडा चालू होता. अशा ऑपरेशनमध्ये त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा ताणल्या जातात. काही महिने त्या भागाला गरम-गार कळत नाही. सर्जननं म्हणूनच बजावलं होतं, शेक नको, बर्फ नको, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, पाठीला उशा लावून झोपायचं. पूनमनं सगळं काटेकोर पाळलं होतं. ती चाकणच्या एका कंपनीत गेज रूममध्ये होती. दिवसभर पार्टची मापं तपासायची, त्यामुळे काटेकोरपणा तिच्या अंगात होता. घरात मात्र तिनं सांगितलं होतं की छातीतली गाठ काढली.

अंबुबाईंच्या लेखी दवाखान्यातून घरी आलेली बाई म्हणजे बाळंतीणच. घरातल्या सगळ्या लेकी-सुना त्यांनी शेकून उठवल्या होत्या. पूनमच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. तिच्या बाळंतपणासाठी राखून ठेवलेली बाज त्यांनी आता गाठीसाठी काढली. छातीवरचा पट्टा बघून त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, बाळंतिणीचं पोट बांधतात तसंच हे. नकार दिला तर त्या पट्टा सोडून बघतील, या भीतीनं पूनमनं फक्त पाठीला शेक घ्यायचं कबूल केलं. वीट पाठीवरून बगलेकडे आणि तिथून पट्ट्याच्या कडेखाली कधी सरकली, ते तिला कळलंच नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता पिंपरीला जायचं," नीला हळू आवाजात म्हणाली. ती औषधांच्या लॅबमध्ये काम करायची. "भाजल्या जागेतून जंतू आत गेले तर ते इम्प्लांटवर चिकटून बसतात. तिथं रक्त पोचत नाही, म्हणजे औषधही पोचत नाही. मग तो काढावाच लागतो."

"काय काढावा लागतो?"

दारात प्रीतम उभा होता. कंपन्यांना जेसीबी आणि मजूर पुरवणारा पूनमचा नवरा, अनवाणी, हातात चहाचा कप.

"भाजलंय दाजी. गाडी काढा," नीला म्हणाली.

"गाडी काढतो. पण आत काय आहे ते सांग."

नीलानं तोंड उघडण्याआधी पूनम बोलली. "गाठ नव्हती. मी इम्प्लांट बसवून घेतलेत. दोन्हीकडे, वेगवेगळ्या मापाचे. वयात आल्यापासून माझ्या छातीची डावी बाजू निम्मी होती, तुम्हाला माहितीय."

प्रीतम हसला. कप त्यानं खिडकीत ठेवला, अगदी सावकाश, आणि वळून तिच्या तोंडात मारली.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

दुसरी थप्पड कानावर बसली. "कोणासाठी, विचारतोय! मी कधी तक्रार केली? सांग, केली का? मग कंपनीत कोण मोजायला बसलाय?"

"कुणी नाही."

"गाठ म्हणून मी तिला उचलून आणली, आई! उचलून! साऱ्या गावाला सांगितलं, बायको मरता मरता वाचली!"

अंबुबाई फडकं हातात धरून उभ्या होत्या. "अगं बया," त्या म्हणाल्या. "उद्या लेकराला पाजशील काय? पिलाष्टिक?"

प्रीतमनं पट्ट्याचे हूक ओढले. पूनमनं दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला, तसा त्यानं तिचा डावा हात मनगटाला पकडून वर पिरगाळला, खांद्याच्या वर, डोक्याच्याही वर. आत काहीतरी फाटलं. ही कळ कातडीची नव्हती, खोल बरगडीजवळून आली, आणि तिथं बधिरपणा नव्हता. पूनम किंचाळली. त्याच जागी त्यानं मूठ मारली, मग पुन्हा मारली. पट्टा आतून लाल होत खाली कमरेपर्यंत भिजत गेला.

नीलानं मागून त्याचा शर्ट ओढला. त्यानं वळून तिचे केस धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. "तूच घेऊन गेलीस ना हिला तिकडं? तूच!" त्यानं पुन्हा आपटलं. नीलाच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं.

"प्रीतम, मरंल ती पोर!" अंबुबाई ओरडल्या. "सोड तिला! तुझ्या बायकोला घे पायजे तर, तिला सोड!"

पूनमनं ते ऐकलं. ती बाजेवरून खाली घसरली, वाकली आणि शेगडीचे दोन्ही कान धरून शेगडी उचलली. तळहात चरचरले. तळहातांना सगळं कळत होतं. दोन पावलं पुढं जाऊन तिनं सगळे निखारे त्याच्या अनवाणी पायांवर ओतले.

प्रीतम असा ओरडला की शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. नीलाचे केस सुटले. तो नाचला, निखाऱ्यांवरच पाय पडला, मग आडवा झाला. अंबुबाई तांब्या घेऊन धावल्या. पूनमनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. तिला वाट सोडताना अंबुबाईंनी मान वर केली नाही.

नीलानं एका हातानं कपाळ दाबत पिंपरीपर्यंत गाडी चालवली.

सर्जननं पट्टा कापून काढला आणि दोन्ही बाजू तपासल्या. मग म्हणाला, "उजवी बाजू शाबूत आहे. डावीकडे आतले टाके उसवलेत, रक्त साचलंय, वर भाजलंय. डावीकडचा आजच काढावा लागेल. ठेवला तर सेप्टिक होईल."

"परत कधी बसवता येईल?"

"आत्ता हा प्रश्न?"

"आत्ताच."

"सगळं नीट भरलं तर पाच-सहा महिन्यांनी. पण अशा घरात भरणार नाही ते."

ऑपरेशनची तयारी चालू असताना दवाखान्यानं कळवल्यावरून पोलीस चौकीतून एक महिला हवालदार आली, आणि तिच्या मागोमाग अंबुबाई. त्या खाटेजवळ आल्या आणि वाकून पूनमच्या कानाशी कुजबुजल्या.

"हे बघ. तू म्हन, पाय घसरून शेगडीवर पडले. तो म्हनंल, शेगडी आपसूक लवंडली. कुनाचं काय व्हायचं न्हाई. अन् डॉक्टरला सांग, दोन्हीबी काढून टाका. मंग घरी ये. मी त्याला समजावते."

"दोन्ही?"

"व्हय. ते अंगात घेऊन आमच्यात न्हाई राहता यायचं."

"आई, तुम्ही मला मुद्दाम भाजलं नाहीत, मला माहितीय," पूनम म्हणाली. "तसंच सांगेन मी. पण उजवा माझा आहे. डावाही परत बसवणार."

"आन् निखारे? जेलात जाशील की गं!"

बाहेर गलका झाला. पायांना ओली फडकी गुंडाळलेल्या प्रीतमला दोघांनी दोन्हीकडून धरून आणलं होतं. "बाहेर काढा तिला! जिवंत सोडणार नाही!" तो ओरडत होता. वॉर्डबॉयनं आडवा हात घातला तर त्यानं त्याच्या तोंडावर डोकं मारलं. स्ट्रेचर भिंतीवर आदळल्याचा आवाज आला. अंबुबाई लगबगीनं बाहेर गेल्या.

हवालदार बाई दार लावायला वळली.

"राहू द्या उघडं," पूनम म्हणाली. जळलेले तळहात तिनं पोटावर उताणे ठेवले होते. "ताई, घ्या लिहून. ऑपरेशन मी माझ्या मर्जीनं केलं. घरात गाठ म्हणून खोटं सांगितलं, तेही लिहा. नवऱ्यानं हात पिरगाळला, जखमेवर मुठी मारल्या, माझ्या बहिणीचं डोकं आपटलं. निखारे मी टाकले."

"चुकून पडले का?"

बाहेर प्रीतम तिच्या आईवरून शिव्या देत होता. पूनमनं आवाज चढवला, त्याला ऐकू जाईल इतका.

"नाही. नेम धरून टाकले."