वासाचं सोंग

थोरलीला वास येत नव्हता, आणि हे तिनं धाकटीपासून लपवलं होतं. सख्ख्या बहिणीपासून काय लपवायचं, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं आधी धाकटीचा खेळ बघावा आणि मग बोलावं.

खेळ तसा साधा. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि घोडं अडलं की फासा टाकायचा. दर रविवारी दुपारी थोरलीच्या जेवणाच्या टेबलाभोवती चौघं जमायची. गोष्ट सांगायची धाकटी. एरवी ती रंगांच्या दुकानात डबे ढवळत असे. खेळायला थोरली, खालच्या मजल्यावरचा टेलर, आणि बस चालवणारा एक मित्र. त्याला सगळे हॉर्न म्हणत, कारण हळू बोलणं त्याच्या बापजन्मात जमलं नव्हतं. सगळे चांगले वाढलेले घोडे, पण फासा हातात आला की टेलर तलवार उपसायचा आणि हॉर्न मंत्र म्हणायचा. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

धाकटीचं नुसत्या तोंडच्या गोष्टीवर भागत नसे. गोष्टीत बंदर आलं की टेबलावर डांबर लावलेला दोर यायचा, जंगल आलं की ओलं शेवाळ. पण तिचा खरा जीव डब्यांमध्ये. रंगाच्या नमुन्यांच्या रिकाम्या डब्या ती घासूनपुसून घरी आणायची आणि प्रत्येकीत एकेक वास भरायची. गोष्ट नव्या जागी पोचली की डबी फिरायची. डोळे मिटायचे, झाकण काढायचं, हुंगायचं, आणि वास कशाचा ते अजिबात न सांगता आपल्या माणसाला समोर काय दिसतंय ते सांगायचं.

हे तिला शिकवलं कुणी? थोरलीनंच. लहानपणी दिवे गेले की थोरली स्वयंपाकघरातून काहीबाही आणून धाकटीच्या नाकाखाली धरायची आणि म्हणायची, "ओळख!" थोरलीचं स्वतःचं नाक इतकं तिखट, की वडील तिला 'आमचा पोलीस कुत्रा' म्हणायचे.

बाळ पोटात असताना थोरलीला ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. नवऱ्याला सांगावंच लागलं, कारण दूध करपून पातेलं काळं झालं तरी ही शेजारी उभी होती. पण त्याला तिनं शपथ घातली. धाकटीला कळलं तर ती डब्या बंद करील, मग हळूहळू खेळ, आणि मग रविवारची फेरीसुद्धा, अशी तिला धास्ती.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं आणता येत नाही, म्हणतात. थोरलीनं वासाचं आणलं. डबी तिच्याकडे शेवटी यायची, तेच तिच्या पथ्यावर पडलं. टेलर म्हणाला 'ओली विहीर', हॉर्न ओरडला 'बुळबुळीत पायऱ्या', की ही डोळे मिटून हळूच म्हणायची, "खाली पाणी हलतंय. कुणीतरी नुकतंच उतरून गेलंय." धाकटी टाळी वाजवायची. "बघा! याला म्हणतात नाक!" थोरली हसायची आणि आतून पार रडकुंडीला आलेली असायची.

त्या रविवारी बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं आणि नवरा कामावर होता. गोष्ट दलदलीच्या राजाच्या तळघरात पोचली. धाकटीनं डबी काढली आणि काय मनात आलं कोण जाणे, म्हणाली, "आज ताईपासून सुरुवात. आजचा माल खास आहे."

थोरलीनं झाकण काढलं. नाकाला ओलसर गारवा लागला, बस. खास म्हणजे सुवासिकच असणार, असं तिनं ठरवलं. लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "बाग आहे. पहाटेची. सगळी फुलं उमललीयेत."

टेलरनं डबी ओढून घेतली, हुंगली आणि तोंड दाबून खिडकीकडे धावला. डबीत आठवडाभर सडवलेला बटाटा होता.

"ताई!" हॉर्न टेबल बडवत ओरडला. "ही बाग असेल तर माझी बस म्हणजे विमान! अहो, राजानं भूल घातली हिला! टाका फासा!"

टेलरही हसून हसून वाकला. धाकटी हसली नाही. तिनं बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आज एवढंच. पुढच्या रविवारी."

दोघं कुरकुरत गेले. दार लागलं.

"कधीपासून?" धाकटीनं विचारलं.

"बाळाच्या आधीपासून."

"आणि मी मूर्खासारखी डब्या भरतेय! अगं, मला सांगायला काय झालं होतं?"

"तू यायची बंद झाली असतीस."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" धाकटीचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "जाऊ दे. येईल गं परत."

"येईल येईल करू नकोस!" थोरली फाडकन बोलली. "तुमची डांबरं नि शेवाळं गेली खड्ड्यात. मला माझ्या लेकीच्या टाळूचा वास माहीत नाही. शेजारीण येते, टाळू हुंगते, डोळे मिटून 'आहाहा' करते. मला वाटतं, धक्के मारून बाहेर काढावी तिला. माझी पोर आहे, आणि सगळ्या जगाला ठाऊक आहे ते मलाच नाही."

आत बाळ रडायला लागलं. धाकटीनं जाऊन उचलून आणलं. खांद्यावर घेतलं तेव्हा तिचं नाक आपोआप त्या टाळूवर गेलं, आणि ती चोरी पकडल्यासारखी थबकली.

"घे ना," थोरली म्हणाली. "घे, आणि सांग मला."

धाकटीनं वास घेतला. गोष्टी सांगून तोंड न दुखणारी ती बाई, पण तिला शब्द सुचेना. "गोडसर..."

"गोड सगळेच म्हणतात."

धाकटीनं बाळ बहिणीच्या मांडीवर दिलं आणि कामाला लागली. बाळाचं एक धुवट दुपटं काढून तिनं त्यावर इस्त्री फिरवली. दूध कोमट केलं. फ्रिजमधलं दही उघडून वरचं पाणी चमच्यात घेतलं.

"मीट डोळे."

थोरलीनं मिटले. गालाला गरम दुपटं लागलं. "आधी हे येतं. असं मऊ, ऊबदार," धाकटी म्हणाली. मग ओठांवर दुधाचा थेंब. "त्यावर हे. पण फार नाही." मग जिभेवर दह्याचं पाणी, पुसट आंबट. "आणि अगदी तळाशी हे. लक्ष दिलं तरच कळतं."

"अजून?" थोरलीनं डोळे न उघडता विचारलं.

धाकटीनं चमचा खाली ठेवला. "अजून एक आहे. ते आणायला माझ्याकडे वस्तू नाही."

"म्हणजे?"

"तू आहेस त्यात. आपण एका पांघरुणात झोपायचो ना, मी तुझ्या मानेत तोंड खुपसायचे. तोच वास. तस्साच, ताई. तिच्या अंगाला तुझा वास येतो."

थोरलीनं वाकून लेकीच्या टाळूला नाक लावलं आणि पोटभर श्वास घेतला. काही आलं नाही. तिनं पुन्हा घेतला. बाळानं तिचे केस मुठीत धरून ओढले. डोळ्यांतलं पाणी थेट त्या टाळूवर पडत होतं, पण तिनं तोंड वर केलं नाही.

"परत सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

दुपटं एव्हाना गार झालं होतं. धाकटी ते घेऊन पुन्हा इस्त्रीकडे गेली.