वस्तीचं तोंड

बुलावायोच्या कचेरीत मतपेटीत चिठ्ठी टाकून एझ्रा बाहेर आला आणि पायरीवर उगाचच दोन्ही हात विजारीला पुसत राहिला. निवडणूक मुलखावर राज्य करणाऱ्या गोऱ्यांच्या कंपनीच्या विधिमंडळाची. अख्ख्या वस्तीत मताचा हक्क त्याला एकट्याला. मिशनचा मास्तर, पगारदार, इंग्रजी लिहिणारा, आणि मूळचा दक्षिणेकडच्या म्फेंगू जमातीचा. बाकी सगळे इथल्याच न्देबेले जमातीचे, गुरं राखणारे.

पण मत एकट्याचं असतं, हे वस्तीला कुठलं पटायला? सिगोम्बे म्हाताऱ्याच्या गोठ्यापाशी सगळे ज्वारीची बिअर घेत दोन दिवस बसले होते. बोलून, भांडून ठरलं, की मत प्रेस्कॉटला. तो गोरा निदान कुरणं मोकळी ठेवू म्हणत होता.

"मास्तर, तू आमचं तोंड," सिगोम्बे म्हणाला होता. एझ्राने मान डोलावली होती.

त्या बैठकीनंतर, मतदानाच्या आधी, दुसरा उमेदवार, डनबार, एझ्राच्या ओसरीवर येऊन गेला होता. म्फेंगूंच्या जमिनीला हात लावू देणार नाही, म्हणाला. इतरांच्या जमिनीचं काय, हे एझ्राने विचारलंच नाही. चिठ्ठीवर खूण केली ती डनबारच्या नावापुढे.

डनबार निवडून आला. थंडीत वस्ती उठवायचा हुकूम निघाला. एझ्राला कुणी बोल लावला नाही. 'एकटं तोंड किती ओरडणार?' म्हणून उलट त्याचीच समजूत घालायचे. त्यापेक्षा कुणी तोंडावर थुंकलं असतं तर बरं, असं त्याला वाटे.

निघायच्या दिवशी सिगोम्बे तीन गाई घेऊन त्याच्या दारात आला.

"पुढे पाणी नाही म्हणतात. या तुझ्याकडे राहू देत. दूध तुझं, वासरं माझी. रीत ठाऊक आहे ना?"

रीत ठाऊक होती. गाई ठेवायच्या त्या विश्वासाच्या माणसाकडे.

"बाबा, मी मत प्रेस्कॉटला दिलं नाही."

"माहीत आहे. निकाल लागल्यापासून तू माझ्या नजरेला नजर दिली नाहीस."

"मग गाई माझ्याकडे कशाला?"

"दुसऱ्या कुणाकडे ठेवू? या माळावर न उठणारं घर एकच उरलंय."

म्हाताऱ्याने दोर पुढे केला. एझ्राने तो घेतला.