बॉयलरमधलं गुलाबतेल

माझ्या जहाजाला वास येतो, हे मला कुणी सांगायला नको. फुग्याखाली टांगलेलं, हवेत चालणारं लाकडी जहाज, पोटात कोळशाचा बॉयलर, सांध्यांना चरबी फासलेली. त्याला काय फुलांचा वास येणार? पण माझ्या घोडनवऱ्या लेकाला त्याची लाज वाटली. होणारा सासरा, अत्तरवाला, प्रवासाला आला होता ना! म्हणून ह्या शहाण्याने सासऱ्यानेच भेट दिलेलं गुलाबतेल, अख्खी बाटली, बॉयलरच्या पाण्याच्या टाकीत ओतलं. वाफ सगळीकडे फिरते, म्हणजे सुवासही फिरेल!

फिरला की. गुलाब, काजळी आणि उकळलेली चरबी.

"वा, विहीणबाई! काय दरवळ!" अत्तरवाला खुर्चीतून म्हणाला.

तेवढ्यात पंखे मंदावले. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी बघते तर आत नुसता फेस. तेलाचा चिकटा पंपाच्या नळीत बसला होता, बॉयलरला पाणी जाईना. पाणी संपलं की बॉयलर फुटणार. आग काढावी तर पंखे थांबणार, आणि वारा आम्हाला समोरच्या कड्यावर नेऊन आपटणार.

"आई, तार घालू?"

"वाकड्या नळीत तार जाते होय रे? तोंडाने ओढ."

"तोंडाने?"

"मग सासऱ्याला बोलावतोस?"

त्याने नळी सोडवून तोंडात धरली आणि ओढली. गाल आत गेले, डोळे बाहेर आले. मग काळपट, शेंबडासारखा, गुलाबाचा वास मारणारा लोळा फटकन त्याच्या तोंडात आला. शी! मला बघूनच उमासा आला. तो भडाभडा ओकला, नळी बसवली आणि पंप मारत सुटला.

कडा खिडकीत मावेनासा झाला, तेव्हा कुठे काचेत पाणी चढलं. मी पंख्यांना वाफ सोडली, सुकाणू पोटाशी आवळलं. जहाजाची शेपटी दगडाला खरवडून निघाली.

अत्तरवाल्याने नाकाला रुमाल लावला. "जावईबापू, जरा लांब उभे राहा. किळस येते हो."

मी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाला, "तुमचंच तेल आहे, मामा." आणि पुन्हा ओकला, थेट त्याच्या बुटांवर.

पुढच्या माळावर उतरवलं त्याला. शिडी लेकानेच सोडली.

"आई, त्यांची मुलगी काय म्हणेल गं?"

"तिला जाऊन विचार. आधी बॉयलर घास. आत शिरून, हाताने."