जबडा पुढे येईना

ट्रकवाला घोरायला लागला की घर डोक्यावर घ्यायचा. मधेच त्याचा श्वास अडकायचा आणि तो बुडत्या माणसासारखा हातपाय झाडत उठायचा. म्हणून बायकोनं त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. झोपताना दातांवर चढवायचा एक साचा मिळतो. तो खालचा जबडा पुढे ओढून धरतो, मग गळा मोकळा राहतो.

"साचा सगळ्यांना चालत नाही," बाई म्हणाल्या. "दात भक्कम हवेत, जबड्याचा सांधा धड हवा. खालचा जबडा पुढे काढा बघू."

त्यानं जोर लावला. जबडा कट्कन वाजला आणि पुढे यायचा सोडून डावीकडे सरकला.

"इथलं हाड मोडलंय. कशानं?"

"जिन्यावरून पडलो."

बायकोचा हात मोडला तेव्हा, बरगडी मोडली तेव्हा, दवाखान्यात त्यानं तिच्याकडून हेच वदवून घेतलं होतं.

"कुठला जिना," बायको शांतपणे म्हणाली. "ह्यांनी माझा गळा आवळला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला इस्त्री लागली, ती हाणली."

बाईंनी मोजपट्टी खाली ठेवली. "मग साचा नाही जमायचा. हवेचं मशीन लागेल. मास्क रात्रभर तोंडावर बांधून झोपायचं, आणि मशीन बंद पडू द्यायचं नाही."

ट्रकवाल्यानं नको म्हणायला तोंड उघडलं, पण बायकोनं आधीच विचारलं,

"त्याचं बटण माझ्या बाजूला ठेवलं तर चालेल ना?"