समुद्राने पाडलेला भाव

देवाजीने समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तरीही त्याच्या संसाराचा निकाल समुद्रानेच लावला.

भंडारा जिल्ह्याची दोन शकले होऊन काही वर्षे लोटली होती. पवनीकडच्या जंगलात देवाजी ढिवर हा वडिलोपार्जित रीतीने ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पोसत असे. किडे झाडावर असेतोवर राखणदाराने घरी जाऊ नये, मासळी खाऊ नये, आणि सुतक तर मुळीच लागू देऊ नये, नाहीतर सगळे पीक कुजते, अशी त्या लोकांची दृढ श्रद्धा होती.

किडे कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, विणू लागले, त्याच वेळी त्याची पत्नी मंदाबाई तापाने अंथरुणाला खिळली. मुलगी रीना जंगलाच्या कडेशी येऊन त्यास बोलावून गेली. पीक हाती येताच तुझ्या आईस नागपूरला नेतो, असे त्याने दुरूनच सांगितले. पुढल्या खेपेस ती रडत, धावत आली. वार्ता कानी पडली की सुतक लागते, हे जाणून देवाजीने दोन्ही कानांत बोटे घातली. रीना बोलत राहिली, आणि मग परत गेली. मंदाबाईस अग्नी देवाजीच्या धाकट्या भावाने दिला.

पीक मात्र उत्तम उतरले. त्याचे योग्य मोल आले, तर मुलीपुढे मान वर करता येईल, एवढीच आशा घेऊन देवाजी तिच्यासह पवनीस केशवराव व्यापाऱ्यांच्या ओसरीवर गेला.

केशवरावांनी एक कोसा दाबून पाहिला, वाखाणला, आणि टोपलीत परत टाकला. विणकर आता परदेशी सूत घेतात, असे ते म्हणाले. इतक्या दुरून आलेला माल स्वस्त कसा, हे देवाजीस उमगेना. तेव्हा त्यांनी भिंतीवरील जगाच्या नकाशावर बोट ठेवले.

“हा पाह्य चीन. मधात पाणी आहे. जहाज भरभरून येते, म्हणून भाडं कवडीचं पडते. तुहा माल डोक्यावर घेऊन जंगल उतरा लागते. हिशोबानं पाह्यलं तर तुह्यापेक्षा तोच मले जवळ पडते.”

देवाजीपाशी अन्य उपाय उरला नाही. हात जोडून तो बोलला, की या पिकापायी बायको गेली, तिचे तोंडसुद्धा पाहिले नाही. रीना मागेच उभी होती.

“मंग तुही बायको मेली म्हणून चीनवाल्यानं भाव चढवावा काय?” केशवराव म्हणाले.

ओसरीवरचे सगळेच हसले. नंतर केशवरावांस दया आली. कचऱ्याच्या भावाने टोपल्या उतरवून घेऊन त्यांनी वर दहाची एक नोट ठेवली. “हे बाईच्या नावानं.”

देवाजीने ती कपाळास लावली.

रस्त्यावर येताच रीना थांबली. “मायचं मरण आयकाले तुले कान नव्हते, बाबा. तेच विकाले तोंड आहे.”

ती नोट परत करून ये, एवढेच तिचे मागणे होते. परंतु पुढल्या वर्षी केशवरावांनी टोपली दारात उतरवूच दिली नाही तर, या भयाने देवाजीचे पाऊल मागे वळेना. एसटी आली. तो चढला व शेजारची जागा धरून बसला. कंडक्टर आला, तेव्हा त्याने तीच नोट पुढे करून दोन तिकिटे मागितली.

कंडक्टरने त्याच्या नजरेच्या रोखाने खिडकीतून खाली पाहिले. रीना गाडीकडे पाठ करून पायीच निघाली होती. त्याने एकच तिकीट फाडले.